पानकराची वही

तळ्याचं तुडूम उघडायला मी निघतो
तेव्हा हर्षाली ओट्यावर बसून बोट टोचते.
साडेपाचची वेळ, दोघांचीही.
माझ्या खांद्यावर फावडं, तिच्या हातात सुई.

वही एकच.
पुढच्या पानांवर पाण्याची पाळी:
लंजे, बारा आर, रात्रीचं.
हातझाडे, बांधी फुटली, पुन्हा द्यावे.
उलटी धरली की तिची पानं:
सकाळी १८२. सहा युनिट. भात दीड वाटी.
रविवारी ३४०, आणि समोर बारीक अक्षरात
मामाच्या लग्नातली बुंदी.

तीन वर्षांमागे ती नुसतं पाणी प्यायची.
घागरच तोंडाला लावायची.
आठ दिवसांत फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला.
मोरीत मुंग्यांची रांग लागली.
हे तिच्या आईनं पाहिलं, मला सांगायला लाजली.

असं एका साली पाहिलंय मी:
तळं काठोकाठ, आणि खाली बांध्या उलतात.
तुडूम गाळानं बुजलं होतं.

कुंभरे सिस्टरनं पाठकोऱ्या कागदावर पोट काढलं,
पोटामागे लांबट पान.
"हे स्वादुपिंड. यात दोघं राहतेत.
एक इन्सुलिन सोडते, मंग रक्तातली साखर
अंगाच्या बांध्याबांध्यात शिरते,
उरली ते यकृताच्या ढोलीत.
दुसऱ्याजवळ ग्लुकॅगॉन. साखर उतरली
की तो ढोलीच्या बुडाचा बोळा काढते."
मी म्हटलं, पानकर.
ती हसली. "पानकरच, भाऊ. बिनपगारी."

मग हिचा कुठं गेला?
सिस्टरनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
"मारला. तिच्याच रक्तातल्या राखणदारांनी.
चोर समजून.
काहून, ते मोठ्या डाक्टरालेही नाही सांगता येत."

त्या रात्री मी जेवलो, हात धुतले, आडवा झालो.
भाताचं पुढं काय झालं, मला कुणी विचारलं नाही.
माझ्या पोटामागे कुणी तरी उठलं,
हिशेब केला, निजलं.
पंचेचाळीस वर्षांत
एकदाही त्यानं मला हाक मारली नाही.

औषधाची बाटली गाडग्यात,
गाडगं ओल्या रेतीत, वर फडकं.
मे महिन्यात तिची आई
रेतीवर पाणी शिंपायला मधरात्री उठते.

पोळ्याच्या आदल्या रात्री पोरगी घामानं भिजली.
नसलेल्या बकरीला हाका मारत होती.
यंत्रावर ४६.
सुई नेहमीएवढीच दिलेली,
पण शाळेत दिवसभर कबड्डी झाली होती, आम्हाला माहीत नाही.
साखरपाणी घोटघोट पाजलं.
पंधरा मिनिटं घड्याळाकडे पाहत बसलो
आणि त्या दुसऱ्याचा राग आला,
जो उरलाय त्याचा.
ढोली भरलेली, आणि हा झोपला?

"रागावू नका," सिस्टर नंतर म्हणाली,
"तो शेजाऱ्याच्या चाहुलीवर उठे-बसे.
आता शेजारचं घर बंद.
कधी उठाचं, त्याले समजतच नाही."

माझ्या बाजूचे बुधाजी गेले
तेव्हा मीही महिनाभर उशिरा उठलो होतो.

परवा हर्षालीनं विचारलं,
बाबा, तुडूम किती उघडाचं, कसं ठरवता?
पायानं, म्हटलं. बांधीत पाय घातला की समजते.
"मले पायानं नाही समजत," ती म्हणाली,
"मले मोजाच लागते."
आणि बोट पुसून वही ओढली.

आज तिचा रकाना कोरा आहे.
पट्ट्या संपल्या, बुधवारी येतील.
उलट्या बाजूला माझं अक्षर:
खालच्या टोकाला पाणी पोचलं. रात्री अडीच.